दोन वाजताचा फोन

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

निकिताने हे पेरूच्या झाडाला विचारले. झाड काही बोलले नाही, म्हणून ती पुढच्या झाडाकडे गेली. शेळगावातल्या त्यांच्या बागेत त्या दुपारी बारीक पाऊस होता. वडील रावजी घरात आडवे झाले होते आणि तिचे बोलणे ऐकायला आसपास कोणी नव्हते... असे तिला वाटत होते.

"नमस्कार, मी आपली काय मदत—"

"गाडी रुतलीय चिखलात. मागनं जरा ढकलता का?"

ती दचकून वळली. बांधावर एक तरुण उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीला हत्यारांची पिशवी, शर्टाच्या खिशावर कंपनीचे नाव. तीच कंपनी.

बारामती एमआयडीसीतली ती कंपनी शेतातल्या मोटारींचे मोबाईल स्टार्टर बनवते. शेतकऱ्याने कुठूनही मिस कॉल दिला की विहिरीवरची मोटार सुरू होते आणि पेटीतून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज पुन्हा पुन्हा येतो, 'मोटार चालू झाली आहे.' पेटी बिघडली की शेतकरी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करतात, आणि बहुतेक जण ओरडूनच बोलतात. त्या हेल्पलाइनवर निकिताला नोकरी हवी होती.

जूनमध्ये ती एकदा इंटरव्ह्यू देऊन आली होती. लेखी परीक्षा नीट गेली. मग तिला एका खोलीत टेबलावरच्या फोनसमोर बसवले. फोन वाजला, पलीकडचा माणूस पहिल्या शब्दापासून ओरडला, आणि तिने रिसीव्हर ठेवून दिला. असे का केले, ते तिला विचारल्यावर सांगता आले नाही. कंपनीने एक संधी आणखी दिली होती: २२ ऑगस्ट, सकाळी अकरा. त्यातही फोन ठेवला, तर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. मग मामाच्या रोपवाटिकेत ट्रे भरायला जायचे, हे घरात ठरलेले होते. मामा भला माणूस होता. पण तिथे गेले की आपण जन्मभर फोन ठेवून देणारीच राहू, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती.

तरुणाचे नाव राजवर्धन. अंथुर्ण्याचा. रावजींनी सकाळी पेटीची तक्रार केली होती, म्हणून तो आला होता. गाडी निघाली, तो पेटीपाशी गेला, आणि कोणाकोणाच्या मोबाईलवरून मोटार सुरू होते ते विचारून घरातले दोन्ही फोन त्याने स्वतःच्या खिशात टाकले.

"फोन कशाला?" निकिताने विचारले.

"माझा हात पेटीत असताना तुमच्या वडलांनी झोपंत मिस कॉल दिला, तर मी वर जायचो." त्याने झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूला अपघात झाल्यास काय करावे, याचा पिवळा कागद चिकटवलेला होता. "इंटरव्ह्यू हाय वाटतं?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला काय न्हाय. पेरूला नोकरी लागली तर बरंच हाय की."

तिला हसायचे नव्हते. तरी ओठ हलले.

"परत म्हणा बरं," तो म्हणाला. "मी गिऱ्हाईक."

"नमस्कार, मी आपली—"

"अहो मॅडम, चार दिस झालं मोटार बंद हाय! मिरची वाळली माझी! झोपा काढता व्हय तितं?"

निकिताचा हात आपोआप पुढे आला आणि हवेतच खाली गेला, रिसीव्हर ठेवावा तसा. राजवर्धनने ते पाहिले. त्याचे हसू विरले.

"भ्या वाटतं?"

तिने मान हलवली.

"मलाबी वाटायचं. पहिल्याच महिन्यात एकानं कुत्रं सोडलं हुतं अंगावर."

"कुत्र्याचं भ्या येगळं."

"व्हय. पण कुत्रं फोनवरनं चावत न्हाय." तो पेचकस फिरवत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोन वाजता माझी जेवणाची सुट्टी असती. रोज फोन करतो. वराडतो. तुमी ठेवायचा न्हाय, एवढंच."

"तुमी कंपनीचे. चालंल का हे?"

"प्रश्न सांगणार न्हाय. ते मला म्हाईतबी न्हाईत. आणि वराडायला कंपनीची परवानगी लागत न्हाय." तो थांबला. "नंबर... द्याल का?"

"तक्रारीत हाय की लिहिलेला."

"तितनं घेतला तर चोरी हुईल."

तिने नंबर सांगितला. रात्रीपर्यंत तिला तीन वेळा वाटले, चुकीचा सांगायला हवा होता. आणि तो गेल्यावर केव्हातरी लक्षात आले की त्याने तिला एकदाही ताई म्हटले नव्हते.

पहिल्या दिवशी तिने फोन चाळीस सेकंदांत ठेवला. दुसऱ्या दिवशी सव्वा मिनिटात. तिसऱ्या दिवशी ठेवला नाही, पण बोललीही नाही. पलीकडे राजवर्धन एकटाच एका म्हाताऱ्याच्या आवाजात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला आणि शेवटी खोकल्याने थांबला.

"पाणी प्या," ती म्हणाली.

"हे यादीत हाय का तुमच्या?"

"न्हाय. पण खोकला खरा वाटला."

हेल्पलाइनच्या प्रश्नांची यादी तिला इंटरव्ह्यूच्या कागदांबरोबरच मिळाली होती. आधी नाव, मग गाव, मग मशीनचा नंबर, आणि सातव्या क्रमांकावर 'पेटीजवळ कोणी काम करत आहे का?' ती यादी आणि घरच्या पेटीतला पिवळा कागद तिने इतक्या वेळा वाचला की शब्दांचा अर्थ लागेनासा झाला.

ओरडणे संपले की राजवर्धनचा आवाज बदलायचा. पाच मिनिटे. कधी सात.

"काय जेवलात?"

"हे गिऱ्हाईक इचारतं व्हय?"

"गिऱ्हाईकाचा फोन संपला. ह्यो दुसरा हाय."

त्या 'दुसऱ्या' फोनवर ती फारसे बोलू शकायची नाही. पण दोनच्या आधी वेणी घालू लागली होती, धुतलेला ड्रेस घालू लागली होती. फोनवर ते दिसत नाही, हे तिला कळत होते.

भीती मात्र कमी झाली नाही. ओरडणे सुरू झाले की अजूनही हात थंड पडायचा. उलट तिला आणखी एक भीती येऊन मिळाली होती. बावीस तारखेनंतर सराव संपेल. मग दोन वाजता फोन कशासाठी येईल?

२१ ऑगस्टला फोन एक सत्तावन्नला वाजला. तीन मिनिटे आधी. नाव राजवर्धनचेच होते.

"अगं कोण हायेस गं तू? बोल की! बोल!"

एक बाई किंचाळत होती. निकिताला वाटले, शेवटचा सराव म्हणून त्याने कोणाला तरी उभे केले आहे. हात थंड पडला. तिने डोळे मिटले आणि ठेवला नाही.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते? आपलं नाव सांगाल का?"

"नाव? अगं, सिंधुबाई... हितं पोरगं पडलंय!"

"आपलं गाव, सिंधुबाई?"

"निमगाव केतकी! गेणबाचा पानमळा! अगं—"

"मशीनचा नंबर—"

"तुझ्या मशीनला लागली आग! त्याचं तोंड निळं पडलंय!"

आणि त्या किंचाळण्याच्या मागे निकिताला दुसरा एक आवाज ऐकू आला. शांत, रेकॉर्ड केलेला. 'मोटार चालू झाली आहे.' त्याच्यामागे पाणी पडण्याचा आवाज. राजवर्धनचे फोन रस्त्याच्या कडेवरून यायचे. चालू मोटारीजवळून तो कधीच बोलला नव्हता.

नंतर तिने फोनमधली वेळ पुन्हा पुन्हा आठवून मोजली. नाव, गाव, नंबर... बावीस सेकंद गेले होते.

"त्याला हात लावू नका!" ती ओरडली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "पायात चप्पल हाय का? वाळकं लाकूड घ्या. मेनचा दांडा खाली पाडा आधी!"

खट् आवाज आला. पाणी थांबले.

"पाडला! आता?"

"श्वास हाय का? छाती हलती का बघा."

"न्हाय गं... न्हाय हलत..."

निकिता धावत घरात गेली होती. रावजींचा फोन तिने त्यांच्या हातात कोंबला. "अप्पा, एकशेआठ! निमगाव केतकी, गेणबाचा पानमळा, शॉक लागलाय!" आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये, "दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवा. जोरात दाबा. मी मोजते. मला ऐकू यील असं तुमीबी मोजा. एक, दोन..."

सिंधुबाई मोजत होत्या, रडत होत्या, शिव्या देत होत्या. विजेला, नवऱ्याला, निकिताला. निकिताला त्या शिव्या हव्या होत्या. मध्ये सिंधुबाई दम लागून गप्प झाल्या, तेव्हा पलीकडून काहीच आले नाही. ना मोटार, ना श्वास. ते काही क्षण निकिता भिंतीला टेकून उभी राहिली.

"सिंधुबाई, वराडा! गप्प बसू नका!"

"...खोकला... पोरी, खोकला त्यो!"

तो खोकला तिने ओळखला. फोन अकरा मिनिटे चालला. ठेवला तो रुग्णवाहिकेतल्या माणसाने.

घडले ते असे. राजवर्धन चार वाजता येणार होता, पण एकलाच पानमळ्यात पोचला. लाईट चालू ठेवून तो मोटारीकडच्या बंद वायरी तपासत होता. सिंधुबाईंचा नवरा गेणबा पाने घेऊन बाजारात गेला होता. तिथे शेजारी भेटला, म्हणाला, लाईट हाय. गेणबाने सवयीने चहाच्या टपरीवरून मिस कॉल दिला. मोटार सुरू होताच त्या बंद वायरींत वीज आली आणि शॉकने राजवर्धन फेकला गेला. सिंधुबाईंनी त्याचा फोन उचलला, तर स्क्रीनवर निकिताचाच नंबर उघडा होता. तो दाबायला त्याने काढून ठेवला होता.

पाच वाजता सिंधुबाईंचा फोन आला. बारामतीच्या दवाखान्यात पोराने डोळे उघडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिता बसने बारामतीला गेली. एमआयडीसीच्या फाटकातून मोटारसायकली आत जात होत्या. प्रत्येकाच्या अंगावर तोच शर्ट होता, आणि तिला परत फिरावेसे वाटले. अकराला तिला त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर बसवले. समोर इंटरव्ह्यू घेणाऱ्या रेश्मा मॅडम कागद घेऊन बसल्या होत्या. फोन वाजला.

"काय फालतू मशीन देता ओ तुमी? तिसरा फोन हाय माझा! बंद करा तुमची कंपनी!"

हात थंड पडला. रिसीव्हर घामाने निसटत होता. पण एक गोष्ट तिला पहिल्यांदाच कळली. जो ओरडतोय, तो जिवंत आहे.

"ऐकतीय मी," ती म्हणाली. "आधी एक सांगा. आत्ता पेटीत कुणाचा हात हाय का? आणि मोटार सुरू होणारे फोन कुणाकुणाकडं हायेत?"

पलीकडचा माणूस गडबडला. त्याच्या कागदावर याचे उत्तर नव्हते.

फोन संपल्यावर रेश्मा मॅडम म्हणाल्या, "हा प्रश्न यादीत सातवा आहे. तुम्ही पहिला का विचारलात?"

"काल मी आधी नाव विचारलं," निकिता म्हणाली. "बावीस सेकंद गेले."

मॅडमना कालची बातमी ठाऊक होती. त्यांनी यादी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "एक तारखेपासून या."

दवाखान्याच्या व्हरांड्यात गेणबा बाकावर बसला होता. मोबाईल बंद करून फडक्यात गुंडाळलेला. सिंधुबाई हळूच म्हणाल्या, "कालपास्नं चालूच करंना त्यो. जा, आत जा तू."

राजवर्धनचा उजवा हात पट्टीत होता. ओठ कोरडे पडले होते.

"ठेवला का फोन?" त्याने विचारले.

"न्हाय. एक तारखेला बोलावलंय."

त्याने डोळे मिटले, उघडले.

"तुमी गेणबाचा फोन आधी का घेतला न्हाय?" तिने विचारले. "दुसऱ्याला सांगता आणि..."

"बाजारातनं बोलवून घ्यायचा हुता त्याला. पण दोनला पाच कमी हुती." तो छताकडे बघत म्हणाला. "काम उरकून फोन करायचा हुता. डोकं दुसरीकडंच हुतं."

खिडकीबाहेर बारीक पाऊस लागला होता.

"आता वराडण्याचं भ्या गेलं आसंल."

"गेलं न्हाय. पण आता दुसऱ्याचं जास्त वाटतं. काल तुमी गप्प हुता... त्याचं."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. राजवर्धनने उशाचा फोन डाव्या हाताने ओढला आणि अंगठ्याने चाचपडत एक नंबर लावला. निकिताच्या मांडीवरचा फोन वाजला. ती पलंगापासून दोन हातांवर बसली होती. तरी तिने उचलला, कानाला लावला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"तक्रार हाय, मॅडम."

"बोला."

"आज वराडायला जमंना."

"हळू बोला. ऐकतीय मी."

"निकिता..."

इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा तिचे नाव घेतले होते. मग तो थांबला. किती वेळ, तिने मोजले नाही. हात थंड पडू लागला.

"बोला की... गप्प बसू नका."

"एक तारखेनंतरबी दोन वाजता फोन केला तर... उचलशील? सराव म्हणून न्हाय."

तिने मोकळा हात पलंगाच्या कडेवर ठेवला, त्याच्या पट्टीपासून बोटभर अंतरावर. तिने तो मागे घेतला नाही.

"उचलीन," ती फोनमध्ये म्हणाली. "रोज."

नर्स आत आली. दोघांकडे पाहून म्हणाली, "समोरासमोर बसून कसला फोन? ठेवा बरं आता."

कोणीच ठेवला नाही.