शेवटच्या घराचा नमुना

"हे खोटं आहे," चष्मिश म्हणाली.

पोहायला निघालेली तिघं भावंडं जलशुद्धीकरण केंद्राच्या फलकापाशी थबकली. तिथल्या कागदावर लिहिलं होतं : 'नमुना सोमवारी, गल्लीतल्या शेवटच्या घरी घेतला. पाणी उत्तम.'

"शेवटचं घर म्हणजे आपल्या मावशीचं," लंबू म्हणाला. "सोमवारी आपण तिथेच दिवसभर पत्ते खेळत होतो. कोणी आलं नव्हतं."

"तू हरत होतास, तुला काय दिसणार!" धाकटी टिल्ली म्हणाली.

पण मनात शंका शिरली ती शिरलीच. मावशीला सातवा महिना होता आणि हल्ली नळाला औषधासारखा उग्र वास यायचा. पोहणं राहिलं बाजूला.

पुढच्या सोमवारी तिघं केंद्राच्या खिडकीखाली दबा धरून बसली. नमुनेवाले काका आले, टेबलाशेजारच्या नळाखाली बाटली भरली आणि तिच्यावर खुशाल लिहिलं, 'शेवटचं घर'.

तिघांनी थेट प्रयोगशाळेतल्या बाई गाठल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मावशीच्या नळाचं पाणी आणायला बाटली दिली. "काठोकाठ भरा. बुडबुडा राहता कामा नये."

दोन दिवसांनी निकाल बघून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"क्लोरीन जंतू मारतं, ते हवंच. पण पाण्यात कुजलेला पाला असला की दोन्ही मिळून घातक रसायनं तयार होतात. पाणी जितकं लांब जातं, तितकी ती वाढतात. इथे मर्यादेच्या दुप्पट आहेत. वर्षानुवर्षं पोटात गेली तर कर्करोगाचा धोका वाढू शकतो. गरोदर बाईने तर जपायलाच हवं."

हे ऐकून टिल्लीला रडूच आलं.

बाईंनी केंद्राच्या साहेबांना कळवलं. साहेब काकांना घेऊन मावशीच्या घरी आले.

"पाणी गाळण्याआधीच क्लोरीन टाकत होतात?"

"त्याने गाळणीच्या वाळूवर शेवाळ धरत नाही, साहेब. धुण्याचा व्याप वाचतो."

"आणि नमुना?"

"हे घर लांब पडतं."

"पाणी तर रोज पोचतं इथवर," मावशी म्हणाली. "तुम्हालाच लांब पडतं होय?"

त्या दिवसापासून आधी गाळणं, मग क्लोरीन असं सुरू झालं. मावशीसाठी बाहेरून पाणी येऊ लागलं.

पंधरा दिवसांनी बाई स्वतः निकाल घेऊन आल्या, सोबत साहेबही होते. रसायनं मर्यादेत आली होती.

"आमचं काम या पोरांनी केलं," साहेब म्हणाले. "ताई, आता बिनधास्त प्या."

मावशीने नळाखाली ग्लास भरला, पण ओठांना लावला नाही. ती तिघांकडे वळली.

"काय रे, पिऊ ना?"

चष्मिशने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"पी," ती म्हणाली.