शिवेवरचा खडा

देवरी तालुक्यात बेहडीटोला नावाचे एक गाव आहे. तलाठ्याच्या नकाशात त्याला नाव आहे, शीव आहे, शेते आहेत, वस्ती नाही. आमच्याकडे अशा गावाला रिठी म्हणतात. तिथली माणसे कधी आणि का उठून गेली, हे मला ग्रंथालयातल्या साऱ्या नोकरीत कुठल्याच पुस्तकात सापडले नाही. कदाचित मी नीट शोधले नसेल.

माझी भाची भाग्यश्री शाळेत शिक्षिका आहे. जनगणनेच्या कामात तिच्या वाट्याला ही रिठीही आली. माणूस नसला तरी जाऊन पाहावे लागते. मी सोबत निघालो. वाट दाखवायला शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा, बुधराम होता.

शिवेवर सालईच्या एका झाडाखाली खड्यांचा लहानसा ढीग होता. बुधरामने वाटेतला एक खडा उचलून त्यावर ठेवला.

"तुमीबी ठेवा, बाबूजी. वापस जाताना आपलाच उचलजा."

"काऊन?" भाग्यश्रीने विचारले.

"नाई तं गावाले वाटते, मानूस राहाले आला."

"मग तं बरंच. मामाजीले इथंच वाचनालय काढून देऊ."

बुधराम हसला नाही. आम्हीही खडे ठेवले.

आत पडकी जोती, पळसाची झुडपे, एक बुजलेली विहीर. मे महिन्याच्या उन्हात वाळली पाने वाजत होती. एका जोत्यापुढची जमीन मात्र ओली होती. शेणाचा ताजा सडा. पेजेचा वास आला. भाग्यश्री फोनमध्ये माहिती भरत होती. म्हातारपणी नाक फसवते, असे मी समजलो.

परतताना त्या दोघांनी आपापले खडे चटकन उचलले. मला माझा ओळखू येईना. दोघे खोळंबले होते. विचारायची लाज वाटली. हाताला लागला तो मी घेतला. गुळगुळीत होता, आणि सावलीत असूनही कोमट.

पुढे कोरडा नाला लागला. बुधरामने वरून हात देऊन भाग्यश्रीला काठावर घेतले. मग पुन्हा हात पुढे केला. मी अजून पलीकडच्या काठावर होतो. त्याची मूठ हवेत मिटली. ओझ्याने खांदा वाकला.

"सांभाळून, बाबूजी," तो म्हणाला आणि चालू लागला.

मी हाक मारली. कोणी वळले नाही.

घरी पोचलो तेव्हा माझी बायको नंदा चहा देत होती. एक कप भाग्यश्रीला. एक खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीपुढे. मी दारात उभा होतो.

"मामी, तुमच्याही घराची माहिती भरून टाकू. किती जण?"

"दोघं."

मला हायसे वाटले.

"कुटुंबप्रमुख?"

"हे का, बसले ना!" नंदा खुर्चीकडे पाहून हसली.

खुर्चीतली उशी दबलेली होती.

"नंदा, मी इथं आहे," मी म्हणालो. आवाज फुटला की नाही, कोण जाणे. माझा तसाही फारसा फुटत नाही.

सकाळी एकटाच शिवेवर गेलो. तो कोमट खडा परत ठेवला. ढिगातला एकेक हातात घेऊन पाहिला. माझा त्यांत नव्हता.

आतून पेजेचा वास आला.

त्या जोत्यापुढे पुन्हा सडा टाकलेला होता. सड्यावर एक पत्रावळ मांडली होती, हिरव्या पानांची, रिकामी. वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला होता.

या वेळी तो मी लगेच ओळखला.