उजव्या बाजूचा हट्ट

कावेरीनं कॉफीचा पहिला घोट सुर्रकन ओढला, जिभेवर फिरवला आणि शेजारच्या क्रोटनच्या कुंडीत पचकन थुंकला. कुंडीपलीकडे कुणी उभं असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"बाप्पा!"

कुंडीमागून एक उंच, किडकिडीत तरुण बाहेर आला. पांढऱ्या कोटावर तपकिरी शिंतोडे.

"अय्यो, सॉरी हं—" ती म्हणाली. मग त्याच्या तोंडचा शब्द ध्यानात येऊन तिला हसूच फुटलं. "मराठी?"

"नागपूर. तुम्ही?"

"बनशंकरी. इथलीच, बेंगळूरची."

"तसं नाही... मूळच्या?"

"मूळच्याच. पणजोबांपासून इकडंच आहोत आम्ही. का, चालत नाही?"

"चालते ना! कोटाचंच काय ते वाईट वाटून राहिलं." तो रुमालानं डाग चोळू लागला. "आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनची कॉफी इतकी वाईट आहे?"

"कॉफी कुठाय ह्यात? चिकोरी आहे, तीही करपलेली. दूध स्वल्प लागलंय. आणि जी काही बी घातलीय ना, ती ओल्या पोत्यात पडून होती."

"एका घोटात कळलं?"

"त्याचाच पगार घेते मी."

तिचं खरंच होतं. कावेरी मोहिते बेंगळूरच्या एका निर्यात कंपनीत कॉफीची चव पारखायची. ओळीनं मांडलेल्या कपांतून चमचाभर ओढायचं, थुंकायचं आणि सांगायचं—ही चिकमगळूरची, ही कोडगूची, ही आंबवताना बिघडलेली. त्या खोलीत ती एकटीच बाई. 'बायकांच्या जिभेला मसाल्याची सवय, त्यांना काय कळणार,' म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ती तिथं पोचली होती.

"कुणाला भेटायला आलात?" त्यानं विचारलं.

"आहे एक पेशंट. फार हट्टी आहे म्हणतात," ती म्हणाली, आणि मागं वळून न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पेशंट त्याच्यासमोर टेबलावर बसली होती.

तो तरुण, उपेंद्र, त्या कॅन्सर हॉस्पिटलात भौतिकशास्त्रज्ञ होता. गाठ जाळणारे किरण कुठून सोडायचे, किती सोडायचे, हे डॉक्टरांसाठी आखून देणं त्याचं काम. किरण घेताना डोकं हलू नये म्हणून पेशंटच्या चेहऱ्याचा प्लॅस्टिकचा मुखवटा करतात, तो करायला तो आला होता. तिला पाहून त्याच्या हातातला प्लॅस्टिकचा पत्रा तसाच राहिला.

"ती हट्टी पेशंट—"

"मीच." तिनं हनुवटी वर केली. "आणि तोंड पाडू नका. सकाळपासून सगळे तसंच बघतायत."

डाव्या टॉन्सिलवर लहानशी गाठ होती. विभागप्रमुख डॉ. हयवदन यांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. दोन्ही बाजूंनी किरण द्यायचे. लाळेच्या ग्रंथी सुकतील, तोंड कायमचं कोरडं पडेल, चव जवळजवळ जाईल. पण जीव वाचेल.

"मुखवटा आज नको," कावेरी म्हणाली. "आधी मला सांगा, गाठ डावीकडं आहे, मग उजवी बाजू का जाळायची?"

उपेंद्रनं मुखवट्याचा पत्रा बाजूला ठेवला. हा प्रश्न त्यानं स्वतःलाही विचारला होता... पण मोठ्यानं कधीच नाही.

"दोन दिवस द्या मला," तो म्हणाला.

तिच्या गळ्याच्या सीटी स्कॅनचे काप त्यानं विभागातल्या नव्या कॉम्प्युटरवर चढवले. किरणांचे दोन झोत तिरके, दोन्ही डावीकडूनच. खोडलं, पुन्हा आखलं. तिसऱ्या दिवशी तो आराखडा घेऊन डॉक्टरांपुढं उभा राहिला. कावेरीही होती.

"सर, उजवी ग्रंथी जवळजवळ पूर्ण वाचते. गाठीला किरण तेवढेच मिळतात. लहान आणि एकाच बाजूच्या गाठींना काही ठिकाणी असं देतात—"

"आणि उजव्या मानेत एखादी पेशी लपलेली असली तर?" डॉ. हयवदन यांचा आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त लागला. "तिच्यापर्यंत किरण पोचणारच नाहीत. मग हिच्या वडिलांना तू जाऊन सांगशील? मुलगी गेली, पण चव छान होती म्हणून?"

उपेंद्रनं आराखडा टेबलावर ठेवला. डॉक्टर चूक बोलत नव्हते.

"वडिलांना मी सांगेन, सर," कावेरी म्हणाली. "आजच सांगेन. जिवंतपणी."

डॉक्टरांनी आराखडा पुढं ओढून घेतला. "उजवी मान पुन्हा तपासायची. तिथं काही नसेल तरच. आणि पुढं दर महिन्याला यायचं. उजवीकडं जरा जरी काही दिसलं, तर तेव्हा हट्ट चालायचा नाही."

"सरी, सर. कबूल."

मान स्वच्छ निघाली. घरची लढाई मात्र अवघड गेली. तिचे वडील मालोजी व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "दोन्ही बाजूंनी घे, पुट्टी. मला तुझी चव नको, तू हवीस."

ती त्यांच्या पायाशी बसली. "अप्पा, मला नुसतं उरायचं नाहीये. मला जगायचंय."

ते उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत. सकाळी ती हॉस्पिटलला निघाली तेव्हा ते फाटकाशी उभे होते, स्कूटर चालू करून.

आत्यानं बजावलं, आजाराचं कुणाला सांगू नको, लग्न जमायचं नाही. कावेरीनं त्याच दिवशी शेजारच्या अक्कापासून दूध केंद्रावरच्या अण्णापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

उपचार सुरू झाले. चेहऱ्यावर मुखवटा आवळला जायचा, जड दार बंद व्हायचं, आणि मग भिंतीवरच्या स्पीकरमधून उपेंद्रचा आवाज यायचा. "कावेरी, हलायचं नाही. हललात तर माझी सगळी मेहनत वाया. आणि रागावल्यावर मी फार वाईट दिसतो."

"न रागावताही विशेष काही नाही," मुखवटा निघाल्यावर ती म्हणायची.

"आज फारच हसत होतात आतून. स्क्रीनवर दिसत होतं."

"स्क्रीनवर किरण बघायचे असतात ना? मला का बघता?"

त्याचे कान लाल व्हायचे. तिला ते फार आवडायचं.

मग घशात फोड आले. पेजही गिळवेना. आणि एका सकाळी जिभेवरून चव निघून गेली. मीठ नाही, साखर नाही. तोंडात ओला कागद. त्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती. उपेंद्र थोडं अंतर ठेवून शेजारी बसला.

"परत येईल?" तिनं विचारलं.

"उजवीकडून यायला हवी. कधी... ते नाही सांगू शकत."

"खोटं तरी बोला."

"तुमच्याशी नाही जमत."

ती त्याच्याकडं वळली. "लालबागच्या बागेत फिरायला याल माझ्याबरोबर?"

त्याचा चेहरा क्षणभर उजळला... आणि त्यानं मान हलवली. "नाही. उपचार चाललेत तोवर तुम्ही माझ्यावर विसंबून आहात. मी त्याचा फायदा घेणार नाही."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर तुम्हाला माझं तोंडही बघावंसं वाटणार नाही. इथून गेलेल्या कुणालाच वाटत नाही."

"मी कुणी नाही," ती उठत म्हणाली. "मी कावेरी आहे."

उपचार संपले. महिन्यामागून महिने गेले. डॉक्टर मान चाचपून 'ठीक' म्हणायचे. उपेंद्र लांबून हात हलवायचा आणि कामाचं निमित्त करून आत पळायचा. कंपनीत मॅनेजरनं तिला टायपिंगचं टेबल देऊ केलं. तिनं ते घेतलं नाही. ती रोज चवीच्या खोलीत यायची, चमचा ओढायची, थुंकायची. काहीच कळायचं नाही. सहकारी नजर चुकवायचे. ती पुढचा कप उचलायची.

आणि एके दिवशी, जिभेच्या उजव्या कडेला, बारीक चिमटा बसला. आंबट!

ती कुणाला काही बोलली नाही. मग भाजल्याचा कडूपणा परतला, आणि सगळ्यांत शेवटी, लाजत लाजत, गोडवा. तेव्हा तिनं मॅनेजरला म्हटलं, "कप मांडा. नावं झाकून."

एक सोडून सगळे कप तिनं ओळखले.

"एक चुकली," मॅनेजर म्हणाला.

"पूर्वीही एखादी चुकायची, सर. तेव्हा तुम्ही लक्ष ठेवत नव्हता."

तिची खुर्ची तिला परत मिळाली. दुपारी ती थेट हॉस्पिटलकडं निघाली. फाटकासमोरच्या एसटीडी बूथमध्ये उपेंद्र पाठमोरा उभा होता. दाराची काच फुटलेली, त्यामुळं त्याचा शब्द न् शब्द बाहेर येत होता.

"मुली पाहू नको म्हटलं ना, आई... आहे एक. हो, तीच. आजारी नाही, आजारी होती... परत होणार नाही असं कसं सांगू? खोटं नाही बोलणार मी तुझ्याशी... पण मला तीच पाहिजे."

कावेरी पुढं झाली. तिनं दार ढकललं, त्याच्या हातून रिसीव्हर काढून घेतला.

"नमस्कार आई. मी कावेरी. हो, तीच. आजार झाला होता, लपवणार नाही. पुन्हा होईल का, माहीत नाही. झाला तर पुन्हा भांडेन. तुमचा मुलगा मला आवडतो. तेवढं मात्र... अगदी पक्कं माहीत आहे."

नागपूरहून नुसती खरखर आली. मग एक करडा आवाज. "फारच धीट दिसतेस. माझ्या पोराला विचारलंस का पण?"

कावेरीनं रिसीव्हरवर हात ठेवला. उपेंद्र भिंतीला टेकून उभा होता, कान लालबुंद.

"आई विचारतायत, तुला विचारलं का म्हणून. विचारते. करशील माझ्याशी लग्न?"

"हो," तो पुटपुटला.

तिनं रिसीव्हर त्याच्या तोंडासमोर धरला. "मोठ्यानं. नागपूरला ऐकू जायला पाहिजे."

"हो!" उपेंद्र एवढ्यानं ओरडला, की बूथबाहेरची अख्खी रांग वळून बघू लागली.