आठव्या ट्रॅकची वायर

जामनेरहून धुळ्याला मी फक्त किल्ली द्यायला आलो होतो. स्टुडिओची किल्ली माझ्या थोरल्या भावाच्या, पितांबरदादाच्या शर्टाच्या खिशात सापडली होती. हायवेवर ट्रकने त्याला उडवलं, त्याला अकरा दिवस झाले होते. आदल्या दिवशी पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले. मी रडलो नव्हतो. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं सगळं अंग झालं होतं.

स्टुडिओ म्हणजे सरकीच्या गोदामामागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बुजवलेल्या. बाहेर मे महिन्याची दुपार पेटलेली, आत काळोख आणि एक पिवळा बल्ब. तापलेल्या मशीनचा आणि सरकीचा वास. काचेपलीकडे गाणाऱ्याची लहान खोली.

नासीरभाई ढोलकी वाजवायचा, दादाचा भागीदार. त्याने किल्ली घेतली नाही.

"तूच उघड, गिरधर. धुरपदाअक्का शिंदखेड्याहून आलीय. तिचं एक गाणं राहिलंय. पितांबरनंतर या वायरी तुलाच कळतात."

कळत होत्या. सातवीत शाळा सुटली तेव्हा दादानेच शिकवलं होतं. माइकचा आवाज बारीक असतो. मिक्सरमधला प्रीअँप तो मोठा करतो. मग प्रत्येक चॅनलच्या मागून एक वायर निघते आणि टेपच्या मशीनवर आपापल्या ट्रॅकला जाते. आठ चॅनल, आठ ट्रॅक. सात भरले होते. आठव्यावर दादा स्वतः गायला होता. वाजवणाऱ्यांना शब्द कळावेत म्हणून तो आधी असं कच्चं गाऊन ठेवायचा. शेवटी गाणारी बाई त्याच ट्रॅकवर गायची आणि दादाचा आवाज पुसला जायचा. दर गाण्याला असंच. "आपण काय," तो हसायचा, "एस्टीत जागा धरायला टाकलेला रुमाल."

सगळ्या खानदेशाचे आवाज त्याने भरून ठेवले. त्याचा स्वतःचा तेवढाच एक उरला होता. त्या आठव्या ट्रॅकवर.

अक्का आली. नासीरभाई म्हणाला, "लवकर गा अक्का, ढोलकी म्हातारी व्हायला लागली."

"ढोलकी नही रे, तूच म्हातारा व्हयना," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुन्हा भाऊ मोठा गुनी व्हता रे."

मी मिक्सरपाशी जाऊन बसलो.

ती आत गेली, दार लागलं. मी विचार केला नाही. मिक्सरच्या मागे हात घातला आणि आठव्या चॅनलची वायर उपसून मुठीत धरली. वाटलं, वायरच नाही तर मशीनवर काही जाणार नाही, दादा तसाच राहील. मागाहून सांगू, टेप खराब निघाली. नासीरभाई बघत होता म्हणून रेकॉर्डिंगचं बटण मात्र दाबलं. लाल दिवा लागला. अक्काचा आवाज मिक्सरमधून थेट स्पीकरवर येतच होता. नासीरभाईने डोळे मिटून मांडीवर ताल धरला.

मग मी मशीनकडे पाहिलं. आठव्या ट्रॅकचा आवाज दाखवणारी सुई हलत होती.

वायरचं टोक माझ्या मुठीत होतं. घामाने ओलं.

दुसऱ्या कडव्याला अक्काला ठसका लागला. ती पाठमोरी झाली, थोडा वेळ थांबली, मग पुन्हा गायली. सुई थांबली नाही.

बाहेर आल्यावर पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "बरं झायं पानी ठेवेल व्हतं. किती गार! माठ नवा शे का?"

नासीरभाईने माझ्याकडे पाहिलं. वायरींमुळे दादा त्या खोलीत पाण्याचा पेलासुद्धा नेऊ द्यायचा नाही.

तेवढ्यात त्याला माझ्या हातातली वायर दिसली.

"हे काय? अरे येड्या, लाल दिवा लागला की मशीन जुनं पुसतंच. वायर असो नसो. पुसलंस ना भावाला..." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मला काहीच वाटलं नाही. मी टेप मागे नेली, आठवा ट्रॅक एकटा उघडला. कोरं काहीतरी ऐकू येईल म्हणून.

दादा गात होता.

पहिलं कडवं पूर्ण. दुसऱ्या कडव्यात, अक्काला ठसका लागला तिथेच, तो थांबला. कापडाची सळसळ. मग हळू आवाजात... "ले अक्का... पानी."

अक्का खाली जमिनीवर बसली.

गाणं पुन्हा सुरू झालं, संपलं. थोडी शांतता. मग अगदी जवळून, रोज बोलायचा तसंच, "गिरधर... वायर लाव. अक्काची बस चुकेल."

 मी उठलो आणि वायर लावली.

"मी नही जात त्या खोलीमा," अक्का म्हणाली. नासीरभाईने माइक दारापाशी ओढला, तिने दारात उभं राहून गाणं म्हटलं. चार मिनिटं दादा पुसला जाताना मी सुईकडे बघत होतो. तेव्हाही रडू आलं नाही. गाणं संपल्यावर नासीरभाईने माइक आतच ठेवून खोलीचं दार ओढून घेतलं. आम्ही तिघं अलीकडे बसून राहिलो. बटणाकडे हात कुणाचाच गेला नाही. रीळ संपेपर्यंत लाल दिवा जळत होता.

कॅसेट निघाली. लग्नांमध्ये ते गाणं वाजतं, लोक नाचतात. कॅसेटवर शेवट कापलाय. मूळ रीळ माझ्याकडे आहे.

गाण्यानंतर त्यावर दार लागल्याचा आवाज आहे. मग बंद खोलीत, आतल्या कोपऱ्यातून माइककडे येणारी पावलं. पुढची दादाची, ती मी झोपेतही ओळखीन. त्याच्या मागून, अगदी पायात पाय घालत, आणखी कुणीतरी चालतंय. दादा माइकपाशी येऊन थांबतो. ते दुसरं थांबत नाही, माइक ओलांडून दाराकडे, आमच्याकडे येत राहतं.