हुंकार

आमच्या प्रयोगशाळेत अत्तर चालत नाही, पावडर चालत नाही, केसात फूलसुद्धा चालत नाही. दिवे मंद, पिवळसर. हवा अंगाइतकी उबदार. काचेच्या बशीत वाढणारे ते जीव उजेडालाही बिचकतात आणि वासालाही. सव्वीस वर्षं मी त्यांची राखण करते आहे. बाहेर बाकांवर मुलाच्या आशेनं बसलेल्या जोडप्यांना मी दिसत नाही, पण त्यांचं लेकरू त्यांच्याकडे जायच्या आधी पाच दिवस माझ्याकडे मुक्काम करून गेलेलं असतं.

कामाची एक रीत आहे. एकीनं नळीवरचं नाव आणि क्रमांक मोठ्यानं वाचायचा. दुसरीनं शेजारी उभं राहून तोच क्रमांक आपल्या डोळ्यांनी पाहायचा आणि "हं" म्हणायचं. तो हुंकार आल्याशिवाय काहीही जागचं हलवायचं नाही. मग दोघींच्या सह्या.

ही रीत मीच बसवली, आणि ती आणली घरातून. माझ्या थोरल्याला मी गोष्टी गाऊन सांगायची आणि तो प्रत्येक ओळीला हुंकार द्यायचा. खालच्या पट्टीत, जरा ओढून. हुंकार थांबला की समजायचं, पोर झोपलं. पाच वर्षांचा झाला तेव्हा जमिनीवरून उठताना तो तळवे आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवायला लागला, जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतोय. आम्ही हसायचो. नंतर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायू हळूहळू विरघळत गेले. शेवटी शेवटी शब्द गेले, तरी हुंकार होता. एकोणिसाव्या वर्षी तोही थांबला.

धाकटी लेक तेव्हा पंधराची. पुढे तिचं लग्न झालं, आणि तपासणीत तिच्यात लपलेला तोच दोष जावयाच्याही रक्तात निघाला. म्हणून साडेपाच वर्षांपूर्वी त्यांचे चार भ्रूण माझ्या प्रयोगशाळेत वाढले. चारही तपासले, गोठवून ठेवले. एक, दोन आणि चारमध्ये थोरल्याचा आजार होता. तीन स्वच्छ. तीन क्रमांकाची नळी बाहेर काढून मी ऊब दिली, आणि मोठ्या डॉक्टरांनी तो भ्रूण लेकीच्या पोटात ठेवला. त्यातून आमची पिटुकली झाली. आता साडेचार वर्षांची आहे. घर डोक्यावर घेते.

उरलेले तिघे नायट्रोजनच्या टाकीत होते. ठेवायची मुदत संपली, ते नष्ट करायचा फॉर्म आला. लेकीनं सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"तूच कर, आई. परक्या हातात नको."

"घरच्यांचं काम घरच्यांनी करायचं नसतं गं. नियम आहे."

"पिटुकलीच्या वेळी कुठे होता तुझा नियम?"

तेव्हाही मीच हट्टानं केलं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "दादाच्या वेळी ही तपासणी असती, तर तू त्याला ठेवलं असतंस?"

मी कागदाला लावायला टाचणी शोधत राहिले. ती समोरच पडली होती.

त्याच आठवड्यात टाकीतल्या नळ्यांची मोजदाद होती. त्या कामाला साक्षीदार लागत नाही, मी एकटीच होते. सवयीनं क्रमांक मोठ्यानं वाचत गेले. लेकीच्या नावाचा कप्पा आला. मी नुसतं नाव वाचलं.

"हं."

मागे वळले. कुणी नव्हतं. पंप असेल, म्हटलं. पंपालाही वय झालंच आहे.

दुसऱ्या दिवशी माझी जोडीदारीण हात धुताना म्हणाली, "मॅडम, काल तुम्ही वाचतही होता आणि हुंकारही तुम्हीच देत होता? मग मला पगार कशाला देतात?" तिला सगळे घड्याळबाई म्हणतात. दहा वर्षांत ती एक मिनिट उशिरा आलेली नाही.

"कुठून ऐकलंस?"

"बाहेरून. दार लोटलेलं होतं." मग हात पुसत म्हणाली, "पण आवाज बसला होता का तुमचा? जाड वाटला."

मी हसले. देवाचं नाव घेतलं आणि कामाला लागले.

फॉर्मचं काम शुक्रवारी सकाळी अकराला ठरलं. स्टीलचा ट्रे पुसून ठेवला. करायचं काही फार नसतं. नळी टाकीतून काढायची, क्रमांक वाचायचा, हुंकार मिळाला की ट्रेवर ठेवायची. बाकीचं खोलीतली ऊब करते. मिनिटाच्या आत.

झाकण उघडलं. पांढरा धूर काठावरून उतरून पावलांपर्यंत आला. घड्याळबाई अजून दारापाशी टोपीची नाडी बांधत होती. मी चिमट्यानं पहिली नळी वर घेतली. टोक धुरातच ठेवलं, लेबलावरचं बर्फ अंगठ्यानं पुसलं. लेकीचं नाव. खाली क्रमांक.

"तीन," मी वाचलं.

"हं."

लगेच. खालच्या पट्टीत, जरा ओढून. माझ्या डाव्या कानाशी.

सव्वीस वर्षांच्या सवयीनं माझा हात ट्रेकडे निघाला.

"मॅडम!" घड्याळबाई ओरडली. "थांबा! मी अजून बघितलंच नाही!"

हात अधांतरी थांबला. तेव्हा कुठे माझ्याच तोंडून गेलेला आकडा मला ऐकू आला.

तीन.

मी नळी टाकीत बुडवली. मग दुसरी वर घेऊन पाहिली. एक. तिसरी पाहिली. दोन.

चार नव्हती.

घड्याळबाईनंही स्वतःच्या डोळ्यांनी तिन्ही पाहिल्या. झाकण आम्ही दोघींनी मिळून लावलं.

"तीन तर..." ती म्हणाली.

"त्या दिवशी हुंकार तूच दिला होतास ना?" मी विचारलं. "पिटुकलीच्या वेळी?"

तिनं मास्क खाली ओढला. ओठ पांढरे पडले होते.

"मला शिंका येत होत्या, मॅडम. मी दारातच थांबले, आत आलेच नाही. तुम्ही वाचलंत, आतून कुणीतरी हुंकार दिला. मला वाटलं, मोठे डॉक्टर आहेत. म्हणून सही केली."

मोठे डॉक्टर त्या वेळी शेजारच्या खोलीत लेकीपाशी होते. त्या दिवशी प्रयोगशाळेत मी एकटी होते. मी तीन असं वाचलं होतं, याची आजही शपथ घेईन. मागून हुंकार आला म्हणून मी वळून पाहिलं नाही. नळीकडेही पुन्हा पाहिलं नाही.

ट्रे कोरडाच राहिला. फॉर्म मी घडी करून पर्समध्ये टाकला.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. लेक आत कपड्यांच्या घड्या घालत होती. पिटुकली चटईवर बसून ठोकळे रचत होती. मी शेजारी खुर्चीत टेकले. वाटभर वाक्यं जुळवत आले होते. पोरीची पुन्हा तपासणी करू म्हणावं, साधीच, रक्ताची. ओठांपर्यंत एकही येईना.

"झालं ना गं सगळं, आई?" लेकीनं आतून विचारलं.

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधीच उत्तर गेलं.

"हं."

"बरं झालं बाई," लेक म्हणाली. तिनं सुस्कारा सोडलेला मला इथवर ऐकू आला. कपाट उघडलं, बंद झालं.

मी पिटुकलीकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, दातात एक निळा ठोकळा धरलेला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या डाव्या खांद्यामागे पाहत होती, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी.

मग आईकडे जायला ती उठली. आधी दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. मग एक गुडघ्यावर. मग दुसरा. मग मांडीवर.