तुकडीतली तिसरी जागा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घालायची गरजच नाही. जे घडलं तेवढंच मला झेपेनासं झालंय.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. तुम्हीही खुशाल हसा.

गेल्या नोव्हेंबरमधला मंगळवार. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. मिन्स्कमधला माझा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. वेळ इतकी नेमकी सांगतोय, कारण त्या वेळी सर्व्हर बंद होता आणि तो बंद असल्याची बातमी मीच दिली होती.

बातम्या देणं हाच माझा धंदा. रणगाड्यांच्या लढाईचा तो ऑनलाइन गेम आमच्याकडे शाळकरी पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे खेळतात. कुठला रणगाडा कमजोर केला, कुठला नकाशा काढून टाकला, अपडेटसाठी सर्व्हर किती वाजता बंद होणार, हे सगळं आमच्या चॅनेलवर सगळ्यात आधी येतं. त्याचा मला माज होता. आता नाही.

चॅनेल तिघांचं होतं. मी आंतोन, स्तास आणि ल्यावोन. गेममध्ये मित्रांची तुकडीही तिघांचीच असते, त्यामुळे आमचं छान जमलं होतं.

बातम्या मी द्यायचो. लढायांचं समालोचन ल्यावोनचं. रणगाडा खोल पाण्यात गेला की पडद्यावर दहा सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात बाहेर आला नाही तर आतली माणसं बुडाली. असं कुणाचं झालं की ल्यावोन अगदी शांत आवाजात म्हणायचा, "घ्या, अजून एक मासा." लोक हसून लोळायचे.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ओर्शाच्या हायवेवर, बारिसावजवळ, त्याची गाडी घसरली. पुलाचा कठडा तोडून, बर्फ फोडून, सरळ नदीत.

त्यानंतर ते वाक्य आमच्यापैकी कुणी उच्चारलं नाही.

चॅनेल मात्र आम्ही दोघांनी चालू ठेवलं. स्तास दिवसा एका बेकरीची पावाची गाडी चालवायचा. रोज सकाळी तोच हायवे, तोच पूल. तो कधी काही बोलला नाही, पण पूल आला की रेडिओ बंद करायचा, हे मला माहीत होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या शनिवारी द्झ्याडी आली. पितरांचं जेवण. घरातलं मोठं माणूस गेलेल्यांना नावाने हाक मारतं, प्रत्येक पदार्थाचा पहिला चमचा वेगळ्या ताटलीत काढतं. आणि जेवण उरकलं की त्यांना निरोप देतं. आलात, जेवलात, आता आपल्या घरी जा.

हाक मारली की निरोप द्यायचा. आमच्याकडे लहान पोरालाही हे माहीत असतं.

स्तास म्हणाला की या वर्षी ल्यावोनला आपल्याच टेबलावर बोलावू. लाइव्ह. मला ते आवडलं. संध्याकाळी सहाला आम्ही बसलो, तो त्याच्या घरी, मी माझ्या. मी कॉम्प्युटरशेजारी ताटली मांडली. द्रानिकी म्हणजे बटाट्याची धिरडी, ग्रेचका म्हणजे कुट्टूचा भात, वोडकाचा छोटा पेला, त्याच्यावर काळ्या पावाचा तुकडा. गेममध्ये आमची तुकडी उघडली. दोन जागा भरलेल्या, तिसरी रिकामी.

मी ल्यावोनच्या नावावर क्लिक करून त्याला तुकडीत यायचं आमंत्रण पाठवलं. तीनदा मोठ्याने हाक मारली. चारशे लोक बघत होते. स्तास रडत होता आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं.

आता निरोपाचे शब्द म्हणायचे...

तेवढ्यात माझ्या ओळखीच्या एकाचा मेसेज आला. मंगळवारच्या अपडेटमध्ये कमजोर होणाऱ्या रणगाड्यांची यादी. अजून कुणाकडेच नव्हती. सगळ्यात वर ल्यावोनचा आवडता जड रणगाडा.

मी काय केलं असेल? यादी वाचायला बसलो. पाऊण तास वाचत होतो, मध्ये मध्ये टोमणे मारत होतो. मग लाइव्ह बंद केलं, ताटली धुतली आणि झोपलो.

निरोप राहून गेला. आठवलासुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी सर्व्हर सहा ते दहा बंद होता. मी चहा घेऊन अपडेटची बातमी लिहीत होतो. गेमची खिडकी मागे उघडी होती. मित्रांच्या यादीतली सगळी नावं राखाडी.

नऊ वीसला एक नाव हिरवं झालं...

ल्यावोन.

नावाखाली लिहिलं होतं, 'लढाईत'.

मला वाटलं, अपडेटचा गोंधळ. सवयीने मी बातमीचा मथळाही जुळवून बघितला. मग कॉम्प्युटरवर एक नवी फाइल दिसली. लढाई संपली की तिचं चित्रण आपोआप साठवलं जातं, तसली. वेळ नऊ वीस.

उघडली.

नकाशा जुना होता. बर्फातलं गाव, नदी, लाकडी पूल. सहा वर्षांपूर्वी गेममधून काढून टाकलेला. ती बातमीही मीच दिली होती.

बर्फात तीन रणगाडे उभे होते. माझा, स्तासचा, ल्यावोनचा. समोर शत्रू नाही. एकही गोळी नाही. चार मिनिटं तिघं नुसते उभे...

मी स्तासला फोन केला. तो म्हणाला, "सकाळी सकाळी घेतलीस का रे?" मीही हसलो. मला हसायचंच होतं.

बुधवारी नऊ वीसला दुसरी फाइल आली.

या वेळी स्तासचा रणगाडा पुलावर होता. ल्यावोनचा हळूहळू मागून आला आणि त्याला ढकलू लागला. घाई नव्हती. स्तासच्या रणगाड्याचे पट्टे उलटे फिरत होते, म्हणजे तो मागे यायला धडपडत होता. तरी इंच इंच पुढे सरकत होता. माझा रणगाडा काठावर उभा होता. तोफ त्यांच्याकडे वळलेली.

मी काहीच करत नव्हतो.

स्तासचा रणगाडा कठड्याला टेकला आणि फाइल संपली.

मी लगेच स्तासला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तोच सांगू लागला की आज पुलावर गाडी जराशी पुढे ओढली गेली, ब्रेक दाबला तरी. रस्ता ओला होता म्हणे. मी त्याला सगळं सांगितलं. उद्या जाऊ नकोस म्हणालो, हातापाया पडलो.

"बेकरीत काय सांगू?" तो म्हणाला. "ल्यावोन नको म्हणतोय?"

पण या वेळी तो हसला नाही.

त्याच दुपारी मी लोकल ट्रेनने बारिसावला गेलो आणि तिथून बसने ल्यावोनच्या आईच्या गावी. यादविगा मावशी. लहानपणापासून तिच्या हातचं खाल्लंय मी. निरोप घरातल्या मोठ्या माणसाने द्यायचा असतो आणि ल्यावोनच्या घरात आता तीच एक उरली होती.

दार उघडंच होतं. टेबलावर ताटली मांडलेली होती. द्झ्याडी होऊन चार दिवस झाले होते, पण ग्रेचकातून वाफ येत होती.

"शनिवारी मी बघत होते तुम्हाला," मावशी म्हणाली. "मला हाक मारायला जमलं नव्हतं, लेका. घशातून नावच निघेना. तू मारलीस."

मी म्हणालो, "मावशी, निरोप द्यायचा राहिला. मला देता येत नाही. तू दे. एकच तर वाक्य आहे."

ती उठली. कोपऱ्यातलं फडकं घेऊन खाली वाकली.

खुर्चीखाली पाणी साचलं होतं...

रोजचं काम असावं तसं तिने ते पुसलं. फडकं बादलीत पिळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नऊ महिने मी या घरात भिंतींशी बोलले. आता रोज सकाळी ही खुर्ची सरकते. आणि तू सांगतोस, त्याला घालव?"

"तो स्तासला घेऊन जाईल गं."

"त्याला एकट्याला करमत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून तसाच आहे तो. तुला ठाऊक नाही का?"

मी तिच्या पायाशी बसलो. रडलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मला जेवायला वाढलं, पण ते शब्द तिने म्हटले नाहीत. तिला मी दोष देऊ शकत नाही. बोलावलं मी होतं.

घरी येऊन ते शब्द मीच म्हणून बघितले. पडद्यासमोर, ताटली मांडून. आलास, जेवलास, आता आपल्या घरी जा. पंचवीस वेळा तरी म्हटले. ल्यावोनचं नाव हिरवंच राहिलं. त्याला तुकडीतून काढायला गेलो तर ते बटणच नव्हतं. तुकडीप्रमुखाचा तारा माझ्या नावापुढे असायचा, तो आता त्याच्या नावापुढे होता.

प्रमुखाला कुणी काढू शकत नाही. गेमचा नियम आहे.

गुरुवारी सकाळी सातपासून मी स्तासला फोन लावत होतो. नऊ पंधराला त्याने उचलला.

"चालवतोय रे," तो म्हणाला.

"आहेस तिथे थांब. आत्ताच्या आत्ता."

"इथे थांबायला जागा कुठाय? पूल ओलांडला की थांबतो."

मी ओरडत राहिलो. तिकडून फक्त गाडीचा आवाज येत होता. मग त्याने रेडिओ बंद केल्याचं ऐकू आलं.

नऊ वीस.

पडद्यावर फाइल आली आणि आपोआप उघडली.

पूल रिकामा होता. कठडा तुटलेला. पाण्यात फक्त स्तासच्या रणगाड्याचा वरचा भाग दिसत होता. आणि ते घड्याळ सुरू झालं होतं. दहा... नऊ... आठ...

माझा रणगाडा काठावर तसाच उभा होता. मी सगळी बटणं दाबली. चित्रण होतं ते, बटणं दाबून काय होणार? तरी दाबत राहिलो.

फोन कानालाच होता. त्यातून आता गाडीचा आवाज येत नव्हता. बर्फावरून पट्टे फिरल्यासारखी करकर... मग पाण्याचा आवाज...

मग अगदी शांत, ओळखीचा आवाज.

"घ्या, अजून एक मासा."

गाडी संध्याकाळी बाहेर काढली. पावाच्या लाद्या दूरवर तरंगत गेल्या होत्या. दारं बंद, काचा बंद, सीटबेल्ट लावलेला. पोलिसांनी तो सीटबेल्ट मला दोनदा दाखवला, कारण त्यांनाही कळत नव्हतं.

स्तास आत नव्हता. अजून सापडलेला नाही.

चॅनेल मी बंद केलं. गेम कॉम्प्युटरवरून काढून टाकला. तरी रोज सकाळी नऊ वीसला पडद्याच्या कोपऱ्यात ती छोटी चौकट येते. 'ल्यावोन तुम्हाला तुकडीत बोलावत आहे.' तुकडीत दोन नावं हिरवी, तिसरी जागा रिकामी. खाली दोन बटणं. मी रोज नकार देतो. कॉम्प्युटरची वायर काढून ठेवली, तेव्हा ती फोनवर आली.

आज सकाळी यादविगा मावशीचा फोन आला. आवाज इतका आनंदी होता की आधी मला ओळखताच आला नाही.

"आंतोन, जेवायला ये रे. दोघंही आलेत. तुझी ताटली मांडून ठेवलीय."

"स्तास सांगत होता," ती म्हणाली, "आंतोनला मुद्दाम कळवायची गरज नाही. त्याला बातमी सगळ्यात आधी लागते."

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. कुणाला तरी माहीत असावं म्हणून.

आत्ता नऊ वाजून एकोणीस मिनिटं झाली आहेत. माझे पाय ओले आहेत.