नीलपंख कुणी उघडला?

गोदाकाकूंच्या मागावर नीलपंख विणला जात होता. शाल्मली दारातच थबकली.

तो पक्षी तिच्या आईचा होता. आईने, म्हणजे वसुधाने, आठ महिने खपून पैठणीच्या पदरासाठी ही नक्षी काढली होती. ती अजून कुणालाही दाखवलेली नव्हती, कारण प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडायची होती. आणि इथे, शेजारच्या घरात, तोच पक्षी निम्मा विणून झाला होता! शेपटीचं तिसरं पीस जरा वाकडं, अगदी आईने काढलं होतं तसंच.

शाल्मली तशीच मागे फिरून घरी आली. नक्षी घरातल्या साठवणपेटीत होती. ही पेटी म्हणजे भिंतीवर बसवलेलं जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. घरातले फोटो, हिशेब, नक्ष्या, सगळं त्यात राहायचं. मग ती बाहेर गेली कशी?

तिचा पहिला संशय ठोकळ्यावर गेला. ठोकळ्या हा त्यांचा घरकाम करणारा यंत्रमानव. तो रोज गोदाकाकूंकडे जायचा.

"तू काकूंकडे काय नेतोस रे?"

"विरजण," ठोकळ्या म्हणाला. "कधीकधी कोथिंबीर."

"आणि नक्षी?"

"नाही. माझ्यावर विश्वास नसेल, तर पेटीची नोंदवही (कोणी, कधी, काय उघडलं याची आपोआप होणारी यादी) बघ."

हे आजोबांनी ऐकलं. साठवणपेटी चालवणारी प्रणाली (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचनांचा संच) त्यांनीच लिहिली होती. आता येवल्यातली निम्मी घरं तीच वापरत होती. "माझ्या प्रणालीत मुंगीसुद्धा शिरणार नाही," असं म्हणत त्यांनी नोंदवही पडद्यावर आणली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

*तीन मार्च २०४६, दुपारी चार दहा. काय : नीलपंख. कुठून : गोदावरी यांचा माग. पाहणारा : अनामिक.*

आई मागे कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. "वीस वर्षांची मैत्रीण," ती एवढंच म्हणाली. संध्याकाळी काकूंनी दोनदा कडी वाजवली, पण आईने दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शाल्मली सरळ काकूंसमोर जाऊन उभी राहिली. "काकू, तुम्ही आईची नक्षी चोरलीत का?"

काकूंच्या हातातला आडवं सूत फेकायचा धोटा थांबला. "चोरली? अगं, माझ्या मागाचा पडदा रोज गल्लीतल्या खुल्या नक्ष्या गोळा करतो. त्यात हीही आली, 'सर्वांसाठी खुली' असं लिहून. मला वाटलं, वसूने आपल्या सगळ्यांसाठी दिली. काल तिला तेच सांगायला आले होते, तर ती दारच उघडेना."

शाल्मलीला त्यांचं खरं वाटलं, आणि त्यामुळेच ती जास्त गोंधळली. काकूंनी चोरली नाही, ठोकळ्याने दिली नाही. मग नक्षी खुली केली कुणी? पेटीला हात लावणारी माणसं तर घरातलीच.

ती घरी धावली. "आई, पेटी बसवताना तू काय काय केलंस, ते आम्हाला जसंच्या तसं करून दाखव."

आईने पडदा उघडला. प्रणाली प्रश्न विचारू लागली. एक, दोन, दहा, वीस... एकूण एक्केचाळीस प्रश्न! आजोबा आधी कौतुकाने बघत होते. सत्ताविसाव्या प्रश्नाला आईने 'हो' दाबलं आणि ते ओरडले, "थांब!"

पडद्यावर होतं : *अनामिक प्रवेश सक्षम करावा काय?*

"याला 'हो' का म्हणालीस, वसू?"

आईने करंगळीशेजारचं बोट वर केलं. "ही अनामिका ना, अण्णा? मला वाटलं, या बोटाच्या ठशाने पेटी उघडेल."

कुणी हसलं नाही. आजोबा खुर्चीत बसले.

"अनामिक म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही असा कुणीही," ते हळूच म्हणाले. "शाल्मली, नीट समजून घे. पेटीत माहिती साठवणाऱ्या दोन तबकड्या आहेत. प्रत्येक गोष्ट दोन्हींवर लिहिली जाते, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीवर राहते. पेटी जाळ्याला (यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या व्यवस्थेला) जोडलेली असते, म्हणून आईचा माग, तुझी पाटी, ठोकळ्या, सगळे तिच्यापर्यंत पोचतात. पण आपल्या गल्लीचं जाळं सामाईक आहे. म्हणून प्रत्येक वस्तूला परवानगी लागते, ती कुणी बघायची आणि कुणी नाही याची. वसूने नकळत ती सगळ्या गल्लीला दिली."

"म्हणजे चूक माझी," आई म्हणाली.

"नाही. कुलूप मी मजबूत केलं, पण किल्ली कशी फिरवायची ते फक्त मलाच कळत होतं. चूक माझी आहे."

आई उठली आणि चपलाही न घालता शेजारी गेली. भिंतीपलीकडून आधी रडण्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. काकू विणलेलं सगळं उकलायला निघाल्या होत्या. आईने त्यांचा हात धरला आणि तो पदर प्रदर्शनात दोघींच्या नावाने मांडायचं ठरवलं.

पुढचे तीन आठवडे आजोबा आणि शाल्मली प्रश्न खोडत बसले. "हा प्रश्न यंत्राने स्वतःच सोडवावा," ती म्हणायची. "हा माणसाला विचारा, पण माणसासारखा विचारा." सत्ताविसाव्या प्रश्नाच्या जागी आता तीन चित्रं आली : एक चेहरा, एक घर, एक गल्ली. वर लिहिलं होतं, *हे कुणी बघायचं?* काही निवडलंच नाही, तर वस्तू आपोआप एका चेहऱ्यापुरती राहणार होती.

नवी प्रणाली तपासायला गोदाकाकूंना बोलावलं. आजोबांना बोलायची बंदी होती. पाच प्रश्न उरले होते. काकू चौथ्यावर अडखळल्या, तशी आजोबांनी मुकाट्याने वही उघडली आणि तोही खोडला.

चार मिनिटांत पेटी तयार झाली. काकू पडद्याजवळ सरकल्या.

"माझ्या सासूबाईंच्या नक्ष्या ट्रंकेत आहेत, कागदावर. वाळवी लागायला लागलीय. त्या यात राहतील?"

"राहतील," शाल्मली म्हणाली. "दोन-दोन ठिकाणी."

"मग गल्लीत अशा अकरा ट्रंका आहेत," काकू म्हणाल्या आणि त्या गोळा करायला पदर खोचून उठल्या.